वादी हजर?

अरबीत वादी म्हणजे कोरडी नदी.
मराठीत वादी म्हणजे ज्याची तक्रार आहे तो.
माझे वडील इस्लामपूरच्या कोर्टात पुकारा करायचे,
दाराशी उभं राहून, तीनदा:
वादी हजर?
व्हरांड्यातल्या बाकावरून
कोणीतरी टोपी सावरत उठायचं.
तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी उठलं नाही
की दावा निकाली.

सोहारच्या मागे, डोंगर उतरतात तिथे
तिपाईवर दुर्बीण लावून मी उभा.
समोर पट्टी धरून बिजेंदर, सिवानचा,
वारा आला की पट्टीसकट डोलतो.
पात्राची रुंदी चारशे पन्नास मीटर.
नकाशात आम्ही ती चाळीसवर आणली आहे.
दोन्हीकडे जाळीत कोंडलेले दगड, तळाला काँक्रीट,
आणि वाचलेल्या चारशे दहा मीटरवर भूखंड,
कोपऱ्यावरचे महाग.

पात्राच्या मधोमध एक झाड.
इथे त्याला घाफ म्हणतात.
जवळ जाऊन पाहिलं: बारीक पानं, काटे, लांबट शेंगा.
अगं, तू तर शमी!
तुझ्याच ढोलीत शस्त्रं लपवून
कोणीतरी अज्ञातवासात गेलं होतं.
झाड क्रमांक सतरा, मी वहीत लिहिलं, हलवणे.
मुळं किती खोल आहेत
हे लिहायला रकाना नव्हता.

वरच्या डोहात बोटभर मासे.
पाय सोडले की टाचांना टोचतात.
चॅनल झालं की पाणी इथे थांबणार नाही,
आणि हे मासे तर
थांबलेल्या पाण्यातच संसार करतात.
गोलचक्करावरच्या हिरवळीत मात्र साळुंक्या आल्यात,
कावळेही, आमच्याच बाजूचे,
व्हिसाशिवाय.
रात्री एक कोल्हा स्प्रिंकलरखाली तोंड धरतो.
त्याचं जमलंय.

हम्दान बिन खल्फान रोज दुपारी येतो.
जिथे शेळ्या आणायचा तिथे आता खुर्ची आणतो.
मी विचारलं, शेवटचं मोठं पाणी कधी?
वर्ष सांगितलं नाही. म्हणाला,
धाकटी झाली त्या रात्री.
कुठपर्यंत आलं होतं?
त्यानं माझ्या गाडीकडे पाहिलं,
मग गाडीच्या पलीकडे,
मग काठी उचलली आणि उचलूनच धरली
रस्त्यापलीकडच्या मशिदीच्या दुसऱ्या पायरीवर.

आमच्याकडे एकोणीस वर्षांच्या नोंदी आहेत.
त्यांवरून आम्ही शंभर वर्षांचं पाणी काढलं
आणि निळ्या रंगात आखलं.
सांगलीत अशीच एक निळी रेषा
माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरातून जाते:
कढई अलीकडे, देव पलीकडे.
पाण्यानं दोन्ही नेलं.

आणि ही टिटवी.
तीन नंबरच्या खुणेपासून दोन पावलांवर
खड्यांत खड्यांसारखी चार अंडी.
मी वाकलो की किंचाळत डोक्यावरून जाते,
पंख मोडल्याचं नाटक करत लांब नेते.
हिनं अंडी उंचावर घातली
की त्या साली पूर मोठा,
असं आजोळी म्हणायचे. हसायचोही आम्ही.
बिजेंदरला म्हटलं, जरा इथे धर पट्टी.
आकडा वहीत नाही, तळहातावर लिहिला.
आमच्या निळ्या रेषेपेक्षा
एक मीटर दहा सेंटिमीटर वर.

संध्याकाळी ऑफिसनं नकाशा पाठवला, सहीसाठी.
केली.
घरभाडं आहे, मुलीची फी आहे,
आणि टिटवी म्हणते, याला पुरावा धरत नाहीत.
हात धुतले तेव्हा आकडा गेला,
पण पाठ झाला होता.

दुर्बीण पेटीत घातली.
कोणी ऐकत नाही असं बघून
कोरड्या पात्राकडे तोंड करून पुकारलं,
वडिलांच्याच सुरात:
वादी हजर?
डोंगरावर काळं काहीतरी साचत होतं, फार लांब.
वादी हजर?
बिजेंदर म्हणाला, साहेब, काही म्हणालात?

तिसऱ्यांदा मी पुकारलं नाही.